बुबुळाचा रंग

बर्फातून काढलेला पक्षी टेबलावर ठिबकत होता आणि त्याच्याभोवती तिचा भाऊ फेऱ्या मारत होता.

"बस रे एका जागी. माझं डोकं गरगरायला लागलं."

तो बसला. बसला कसला, टेकला. स्टुलाने कुरकुर करायच्या आत पुन्हा उभा.

अल्बाट्रॉस. पंख पसरले तर टेबल पुरेना, म्हणून एक पंख तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. घशात अडकलेला गळ. दोन दिवस बोटीवरच्या बर्फात. चोच मोजून झाली: नारिंगी, टोकाला लालसर. शेपूट मोजून झाली. पंखाखालची काळी किनार, तीनदा पट्टी लावली तरी, ना रुंद ना अरुंद. अशी किनार दोघींचीही असते.

दोघी म्हणजे दोन जाती. एक काळ्या डोळ्यांची. समुद्रावर कुठेही बघा, लाखांनी. दुसरी फिक्या पिवळ्या डोळ्यांची. तिची घरटी जगात एकाच बेटावर, आणि सरकारी यादीत नावापुढे लाल खूण. बाकी सगळं हुबेहूब. पिवळ्या डोळ्यांचा एक जरी पक्षी गळाला लागून मेला, तरी तेवढा समुद्र हंगामभर बंद. सगळ्या बोटींना. भावाच्याही. आणि बोट याच वर्षी पहिल्यांदा त्याची स्वतःची झाली होती.

फॉर्मवर रकाना अकरा. बुबुळाचा रंग. काळा / पिवळा / शंका.

तिने चिमट्याने पापणी उचलली. आत दुधाळ, खोल गेलेलं काहीतरी. मेल्यावर पक्ष्याचे डोळे सगळ्यात आधी जातात.

"शंका लिही ना मग," तो म्हणाला. "खरंही नाही, खोटंही नाही."

"शंका लिहिली की नमुना तपासायला जातो. सहा आठवडे. तोवर समुद्र बंदच."

"म्हणजे शंका म्हणजे पिवळाच."

"हो."

"वा. डोकं लावलंय कुणीतरी."

तिचा फोन वाजला. भावजय.

"ताई, काही खाल्लं का त्याने? सकाळपासून नुसत्या चहावर आहे." मग जरा थांबून, "काळाच आहे ना हो?"

"बघतेय."

"नीट बघा हं, ताई."

तिने फोन पालथा ठेवला. नीट बघा. बघायचं कुठे पण?

फोटो होते. बोटीवर पक्षी आला की तीन फोटो काढायचे: चोच, पंख, पाय. ते सूचनांचं कार्ड तिनेच छापून घेऊन बंदरावर वाटलं होतं. डोळ्याचा फोटो मागायचं तिला सुचलंच नव्हतं. तेव्हा धास्ती दुसऱ्याच जातींची होती. आता कपाळावर हात मारून काय होणार. तिने फोटो एकेक मोठा करून डोळा शोधला. पहिल्यात भावाचा पंजा. दुसऱ्यात पंजा. तिसऱ्यात

तिसऱ्यातही. रुंद, चिरा पडलेला पंजा, पक्ष्याच्या डोळ्यांवर अलगद.

"हात काय ठेवलायस मध्ये?"

"तुझ्याच कार्डावर आहे. डोळे झाका, म्हणजे पक्षी घाबरत नाही."

"तू कार्ड वाचलंस?"

"तू छापलंस म्हणून वाचलं. बाकीचे त्यावर चहाचा कप ठेवतात."

तिला हसू आलं. आलं आणि अर्ध्यातच थबकलं. कारण ती ओळ कार्डाच्या मागच्या बाजूला होती, आणि त्या बाजूला वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पक्षी जिवंत असल्यास.

तिने फॉर्मचं पहिलं पान काढलं. रकाना चार, भावाच्या अक्षरात: वर आला तेव्हा मेलेला.

"जिवंत होता हा?"

तो खिडकीपाशी गेला. परत आला. पुन्हा गेला, तिथूनच बोलला.

"गळ निघत नव्हता गं. दोरी कापली. मांडीवर घेऊन बसलो. पाऊण तास होता."

पावणेपाच. कागद पाचच्या आत जायला हवा. या बंदरात पक्षी ओळखणारी ती एकटी. तिच्या सहीवर पुन्हा कुणी सही करत नाही, तिच्या मोजमापावर पुन्हा कुणी पट्टी लावत नाही. तिने पेन 'काळा'वर टेकवलं. नुसतं टेकवलं. तरी शाईचा ठिपका उमटलाच.

"डोळे झाकल्यावर दिसणार काय," ती घाईघाईने म्हणाली. "आणि झाकायच्या आधी तू गळ बघणार की डोळा? दहातले नऊ काळ्या डोळ्यांचेच असतात. काळा म्हण. पाहणाऱ्याने सांगितलं असं लिहिते मी. चालतं तसं."

हे ती बोलली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

भाऊ पहिल्यांदाच एका जागी उभा होता.

"ताई, हात ठेवला की तो गप पडून राहायचा. काढला की फडफडायचा, तोंडातून रक्त यायचं. तरी मी तीनदा काढला."

"कशाला?"

"बघायला," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आता काळा निघेल."