जावयाचं ताट

वाटेत अडलेल्या ऑटोमॅटिक पिकअपखालून परका मेस्त्री ओरडला, "मालक, गिअरबॉक्सचं तेल पार डांबर झालंय! फिल्टरही कंपनीतून बसवून आलेलाच. हे बोल्ट माझ्याआधी कुणी खोललेलेच नाहीत, वरचा रंगसुद्धा शाबूत होता."

हणमंतनं वाकून गाडीखाली पाहिलं. दर उन्हाळ्यात तेल-फिल्टर त्याचा सख्खा मेव्हणा स्वतःच्या गॅरेजात बदलून द्यायचा. "दाजी, जावयानं गॅरेजात ताटकळायचं नसतं. घरात चला, मटण शिजलंय," म्हणत हाताला धरून आत न्यायचा. हणमंतही त्या मानानं फुगून दोन घास जास्तच खायचा.

तेवढ्यात त्याच मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, यंदा गाडी कधी आणताय? आई मटणाचं विचारतीय."

मेस्त्रीनं पुढं केलेल्या काळ्याकुट्ट फिल्टरकडे बघत हणमंत म्हणाला, "रविवारी येतो. यंदा मात्र माझं ताट गॅरेजातच वाढायचं."