करडाची नाडी

मन रोग्याच्या नाडीत विरघळलं की रोग आपण होऊन बोलतो. डॉक्टर उकंडरावांनी हे वाक्य सुवाच्य अक्षरांत लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावलं होतं, आणि त्याच्याखाली ते आत्ता डोळे मिटून, हात पुढे करून बसले होते. समोरच्या बाकावर गोजराबाई होती. तिच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं करडू होतं. त्याचा पुढचा पाय ती हळूच घोंगडीबाहेर काढत होती.

डॉक्टर नागपूरला शिकलेले. पहिली चार वर्षं त्यांनी रोग्याची जीभ पाहिली, पोट दाबलं, छातीला नळी लावली. मग नाशिकला कुण्या महाराजांकडे पंधरा दिवस राहून आले आणि नळी खुंटीला गेली. तेव्हापासून रोग्यानं आत यायचं, मनगट द्यायचं आणि गप्प बसायचं. कुणी तोंड उघडलंच, तर डॉक्टर मिटल्या डोळ्यांनी म्हणत, "बोलू नका. ध्यान मोडतं." बहुतेकांना पित्त निघे.

पस्तीस सालच्या कापूस वेचणीत गोजराबाईच्या नवऱ्याच्या, इंद्रभानच्या, तळपायात बाभळीचा काटा मोडला. आठवड्यात पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला. इंझोरीहून बैलगाडीत घालून तिनं त्याला इथं आणलं. ती "पाय" एवढंच म्हणाली. ध्यान मोडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा लावलं, पित्त सांगितलं आणि पांढऱ्या औषधाची बाटली दिली. पायाचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता. पण वास काही नाडीत येत नाही. इंद्रभान चौथ्या दिवशी गेला. बाटली अर्धी उरली.

वर्षभर गोजराबाई रडली कमी, विचार फार केला. तिला डॉक्टरांचा जीव नको होता. त्यांच्या हातात पुन्हा कुणाचं मनगट पडू नये, एवढंच हवं होतं. म्हणून तिनं बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. शेजारची कमलीबाई संगं आली. करडू ओरडू नये म्हणून वाटभर तिनंच त्याला पाला चारला. "आज त्याचीच नाडी पाहू, माय," असंही म्हणाली.

डॉक्टरांच्या बोटांखाली केस आले. केसांखाली खूर आला. एकाग्रता ढळली नाही.

"नाडी चंचल आहे," ते म्हणाले. "पित्त आहे. तिखट बंद करा."

गोजराबाईनं घोंगडी ओढली. करडू ओरडलं. व्हरांडा असा हसला की बाहेर सोडलेले बैल बुजले. डॉक्टरांनी डोळे उघडले. रोग्याकडे पाहण्याची त्यांची दोन वर्षांतली ही पहिलीच वेळ.

गोजराबाई उभी राहिली. "डाक्तर सायब, बकरीच्या पिलाले तिखट कोन चारते? माह्या मालकाचा पाय सडून राह्यला होता, तुमी डोये उघडून पाह्यला नाही!" मग ती व्हरांड्याकडे वळली. "पाह्यलं ना सारं? आता द्या याच्या हातात हात!"

करडाचा पाय सोडायचंही डॉक्टरांना सुचेना. कमलीबाई तर खांबाला धरून हसत होती, पोट दुखेपर्यंत. गोजराबाईला वर्षात पहिल्यांदा पोटभर श्वास आला. तिनं पाय सोडवून घेतला, करडू काखेत मारलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली, लोक उठून जाताना पाहायला.

डॉक्टरांनी धोतराला हात पुसला. डोळे मिटले. "पुढचा," म्हणाले.

कुणी हललं नाही. मग कमलीबाई पदरानं डोळे पुसत पुढे सरकली, बाकावर टेकली आणि तिनं मनगट पुढे केलं.

"कमले! तूबी?"

"हसू आलं ते खरं हाये, माय," कमलीबाई हळूच म्हणाली, "पन मले आठ दिवसांपासून ताप हाये."

तिच्यामागे रांग लागली. बारा कोसांत दुसरा डॉक्टर नव्हता.