खऱ्या ट्रकला नसलेलं

आमचा मुलगा निहार परदेशी कंपनीची नोकरी सोडून लष्करात गेला, तेव्हापासून हे त्याच्याशी बोलले नव्हते. मात्र आमच्या नोएडाच्या नव्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलावर एक छोटा लष्करी ट्रक तयार होत होता. चाकं औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची, सायलेन्सर रिफिलचा. खऱ्या ट्रकला नसलेलं काहीही यांना चालत नसे. जास्तीचा लावलेला आरसा परवाच उखडला होता. "अहो, हा कुणासाठी?" मी विचारलं, की म्हणायचे, "टाइमपास." आज लेहहून निहारचा फोन आला आणि यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मी कान जवळ नेला. "तुमच्या ट्रकच्या केबिनमध्ये हीटर कुठे असतो रे?" यांनी विचारलं. निहार गडबडला. "हीटर नसतो, बाबा. का?" "अच्छा," हे म्हणाले आणि टेबलावरच्या केबिनकडे बघत राहिले. मग चिमट्याने तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं उचललं. "मी बसवतोय," निहारला म्हणाले.