माणसाचा वास

कंगव्यात आलेला केसांचा पुंजका बायको कचऱ्यात टाकायला निघाली, तसे टिपणीस आडवे आले.

"अगं, टाकतेस कुठे? कोबीभोवती पसरू. माणसाचा वास आला की ससा वाफ्याकडे फिरकत नाही."

मागच्या टेकडीवरून ससे रोज उतरायचे आणि परसातला कोबी कुरतडून जायचे. टिपणीस त्यासाठी सलूनमधून पिशवी भरून केस आणत; पण बायकोची केमो सुरू झाल्यापासून घरच्या घरी सोय झाली होती. दवाखान्यात तिच्यासोबत तिची बहीण जायची. बागेची राखण सोडून टिपणिसांना कसं जमणार? आठवडाभरात वाफ्याभोवती काळं रिंगण पूर्ण झालं आणि तिच्या डोक्यावर काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परसात आली, तर तिच्याच केसांवर ऐसपैस बसून ससा कोबी खात होता.

"बघा," ती शांतपणे म्हणाली, "त्यानंही मला माणसांत धरलं नाही."

टिपणिसांनी ससा हाकलला, वाकून चिमूटभर केस उचलले आणि नाकाशी धरले.

"औषधांनी वास मेलाय," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन सलूनकडे निघाले.