डांबराचा हात

कळंबच्या जत्रेत भागरथी कापडी शेपटी चढवून, मत्स्यकन्या होऊन दिवसभर हौदात बसायची. "पाणी शिरून पायाच्या बोटाईत चिखल्या झाल्या हो," ती नवऱ्यापुढे रडली. शिरपतनं शेपटीला मेण चोपडलं, ते तडकलं. मग डांबराचे हातावर हात दिले, वाळवलं अन् शेपटी तिच्या कमरेला करकचून बांधली. "आता थेंबही आत गेला, तं नावाचा शिरपत नाही!"

खेळ सुरू झाला. तो तंबूच्या दाराशी तिकिटं फाडत होता. आत टाळ्या थांबेनात.

"काय फडफडते ते शेपटी, राजेहो!" बाहेर येणारा एकजण म्हणाला. "हवेनं फुगून पार वर आली. पण बाई तोंड काही पाण्यातून काढत नाही."

शिरपत आत धावला.



प्रेताची शेपटी कापली, तेव्हा पाय कोरडेठाक होते.