शंभर वर्षांची खिडकी

"शिडी घट्ट धरा, मिस्त्री," म्हणत उल्हास वर चढला.

सौदीतल्या ताइफच्या जुन्या बाजारातली ही गल्ली रस्तारुंदीत जाणार होती. आठ घरं पाडायचं ठरलं होतं. नववं नूरुन्निसा खालांचं. त्याच्या भिंती कधीच सिमेंटने लिंपून झाल्या होत्या. जुनी म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, वरच्या मजल्यावरचा रोशन. भिंतीबाहेर झुकलेली मोठी लाकडी खिडकी, बारीक जाळीची, कोरलेल्या वेलींची. ती शंभर वर्षांची ठरली तर घर वाचणार होतं.

ते ठरवायला उल्हास रियाधहून आला होता. इंग्लंडमधल्या एका बाजारगावात जुनी लाकडी घरं मोजत तो हे काम शिकला होता. त्याचा शब्द जुन्या वास्तू जपणारी समिती मानायची.

धोंडीराम कुडाळचा सुतार. सहा वर्षं ताइफच्या कामगार कॅम्पात. खालांची डागडुजी तोच बघायचा, म्हणून आज शिडी धरायलाही तोच होता.

बाहेरून मापं घेऊन झाल्यावर दोघं आत गेले. मूळच्या हिंदुस्थानातल्या, ऐंशीच्या खाला दाराआड बसल्या होत्या. नवरा आणि मुलगा, दोघांनाही त्यांनी याच घरातून निरोप दिला होता.

"बेटा, मला दुसरीकडे झोप लागणार नाही," त्या हिंदीत एवढंच म्हणाल्या.

उल्हासने मान डोलावली. खिडकीची आतली एक फळी सरकवून त्याने टॉर्च मारला. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. मग फळी जागेवर बसवली.

"एक खिळा नाही," तो म्हणाला. "सगळे सांधे खाचेत बसवलेत. किती जुनी असेल, मिस्त्री?"

"तुम्हीच सांगा साहेब. तुम्ही शिकलेली माणसं."

"असा हात आता कुठे मिळतो? समिती अशा कारागिराच्या शोधात आहे. पक्की नोकरी, राहायला घर, बायकोमुलांनाही इकामा, इथे राहायचा परवाना. तुमच्या माहितीत कोणी आहे?"

बायकोला, शालनला, धोंडीरामने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. धाकटी लेक फोनवर त्याला 'तुम्ही' म्हणायची.

"नीट आठवा," उल्हास म्हणाला.

धोंडीरामने दाराकडे पाहिलं. दाराआडून तसबीच्या मण्यांचा आवाज येत होता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "असं कोणी नाही."

उल्हासने कागद गुडघ्यावर ठेवले. 'अंदाजे सव्वाशे वर्षं. मूळ काम. घर जतन करावं.' खाली सही केली. धोंडीरामने ते हिंदीत सांगितलं तेव्हा खालांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग त्यांनी दोघांना कहवा पाठवला.

गाडीपर्यंत धोंडीराम शिडी खांद्यावर घेऊन मागोमाग आला. उल्हास आत बसला, गाडी सुरू केली आणि काच खाली केली.

"मिस्त्री, शनिवारी समिती बघायला येतेय," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याआधी त्या फळीच्या पाठीमागे पेन्सिलीनं मराठीत 'डावी, वरची' लिहिलंय ना तुम्ही, तेवढं पुसून टाका."