बर्फासाठी औषधांची पिशवी

"कापूस वाढवा आणि हे वासाचे ओले रुमाल काढा. जखम पुसायची आहे, लग्नाला जायचं नाही," मी दुकानदाराला बजावलं.

माझा मुलगा श्रीनाथ पहिल्यांदाच बर्फावर स्की करायला निघाला होता. तेही अशा डोंगरात, जिथे दवाखाना सोडा, माणूससुद्धा दिसत नाही. महिनाभर भांडून मी हो म्हटलं, ते एका अटीवर: औषधांची पिशवी मी निवडणार. म्हणून तो आणि सून मला घेऊन दुकानात आले होते. मी चौथी नापास, पण सासऱ्यांचा लकवा मीच निभावलाय.

दुकानदाराने एक मऊ पट्टी उलगडली. उभी दुमडली की ती फळीसारखी ताठ व्हायची.

"ही कशाला?"

"मोडलेलं हाड बांधायला, काकू. दादांना विचारा की! गेल्या वर्षी इथूनच नेली होती. स्की करताना उतारावर पडले, तेव्हा याच पट्टीने पाय बांधून खाली आणलं त्यांना."

गेल्या वर्षी श्रीनाथ दिल्लीच्या हॉटेलात, न्हाणीघरात घसरला होता. मला तरी तसंच सांगितलं होतं. दोन महिने मी त्या पायाला तेल चोळलं आणि त्या हॉटेलवाल्याला शिव्याशाप दिले.

मी सुनेकडे पाहिलं. ती कात्रीची धार बघत बसली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"आई, तू घाबरली असतीस म्हणून..." श्रीनाथ पुटपुटला.

"घाबरते कोण? तुझा बाप गेला तेव्हाही घाबरले नाही. मला मूर्ख बनवलंस, ते बोल."

पट्टी मीच पिशवीत कोंबली आणि दुकानदाराकडे वळले.

"भाऊ, तुमचा फोन नंबर द्या. या वेळी काही मोडलं, तर मला खरं सांगणारा एक माणूस हवा."